मोरचुदी संध्याकाळ

पबचं दार जड होतं. त्याची पितळी मूठ असंख्य तळव्यांनी घासून मधोमध फिकी पडली होती, आणि दार उघडमीट होई तसा आतून वास येई. ओल्या कोटांचा, जुन्या लाकडाचा, भाजलेल्या जवाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी बसलेला आणखी एक, जो मी कळायला लागल्यापासून ओळखत होते. सोबतची मुलंमुली हसत, एकमेकांना ढकलत आत शिरली. मी डब्लिनच्या ड्यूक स्ट्रीटवर उभीच राहिले.

मला कडीचा आवाज आला होता.

रोहण्यात दारू रात्री येते. पन्नीत बांधून, शर्टाखाली दडवून, वावराच्या वाटेनं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्या मातीचा तो मान. त्यामुळे आमच्याकडे दारूला दुकान नाही, पाटी नाही, दिवा नाही. तिला फक्त वास आहे आणि पावलं आहेत. काकाची पावलं आजी अंधारातही ओळखायची. एक चप्पल ओढत येतेय असं वाटलं की ती आम्हा पोरींना माजघरात लोटायची आणि आतून कडी घालायची, आणि मग झिरोच्या बल्बच्या पिवळट उजेडात चमकणाऱ्या त्या लोखंडाकडे बघत, बाहेरचं रडणं कधी थांबतं त्याची वाट बघत मी पडून राहायचे. सकाळी काका तुळशीपाशी मान खाली घालून बसलेला असे. इतका मऊ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मँचेस्टरला शिकायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिथलं रॉयल एक्स्चेंज पाहिलं होतं. एके काळी जगभरच्या कापसाचे सौदे व्हायचे ती इमारत आता नाट्यगृह आहे, पण उंच भिंतीवरच्या फळ्यावर १९६८ सालच्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच लावलेले आहेत. नाटक सुरू झालं तरी माझी नजर त्या आकड्यांवरून उतरेना. आमच्या गावावरून पुलगाव-आर्वीची छोटी गाडी जायची. आज्यासाठी ती शेवटपर्यंत जिवंत बाईसारखी होती, शकुंतला. १९१७ साली रूळ पडले ते माणसांच्या ये-जा करण्यापेक्षा कापसाच्या गाठींसाठी. गाठी पुलगावच्या मोठ्या लायनीला लागायच्या, तिथून मुंबई, मुंबईहून समुद्र. म्हणजे मी येण्याच्या कितीतरी आधी आमच्या काळ्या मातीचं पांढरं बोंड या वाटेनं येऊन गेलं होतं. त्याला परतीचं तिकीट नव्हतं.

परीक्षा संपल्या आणि जूनच्या मध्यावर आमच्या वर्गाची सहल डब्लिनला निघाली. दिवसा लेखकांची घरं, रात्री लेखकांचे पब, असा चार दिवसांचा बेत. होलीहेडच्या बंदरातून बोट सुटली तेव्हा घरी मृग लागून आठवडा झाला होता आणि पाण्याचा पत्ता नव्हता. इथे मात्र सव्वातीन तास चोहीकडून पाणीच पाणी, वरून भुरभुर, काचेवर भुरभुर, आणि मी फोनवर बाबांना ते सांगायचं टाळत होते. ज्याच्या घरी पेरणी अडली आहे त्याला पावसाचं वर्णन कुठल्या तोंडानं करायचं?

घरं पाहिली. पुतळे पाहिले. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या झाडीत अचानक रवींद्रनाथांचा अर्धपुतळा समोर आला आणि परक्या गावातल्या लग्नात मामाचा चेहरा दिसावा तसं झालं. पण त्या चार दिवसांतलं जे अजून माझ्या अंगाला लागून आहे ते म्हणजे लिंकन प्लेसवरचं स्वेनीचं जुनं औषधाचं दुकान. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधला ब्लूम इथे लिंबाच्या साबणाची वडी घेतो. दुकान म्हणून ते केव्हाच बंद झालं. आता पुस्तकावर जीव असलेली माणसं ते सांभाळतात, काचेच्या कपाटांतल्या तपकिरी बाटल्या पुसतात, साबण विकतात, आणि गोलाकार बसून ‘युलिसिस’ मोठ्यानं वाचतात. एकानं एक पान, मग शेजारच्यानं पुढचं. कोणी अडखळतं, कोणी दोन ओळी गाऊन टाकतं, कोणाला काही कळलेलं नसतं आणि तरी त्याचा चेहरा तृप्त असतो. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. आमच्या देवळात ग्रामगीतेचं वाचन असंच चालतं. तुकडोजी महाराजांची ती पोथी हातोहात फिरते, चष्मा नसलेला माणूस चष्मेवाल्याकडे सरकवतो, आणि दाराशी बसलेल्या बायका ऐकता ऐकता वाती वळतात. पान माझ्याकडे आलं तेव्हा मी ते वाचलं. अर्धं अधिक कळलं नाही. माझा आवाज मात्र मला कळला. तो देवळातला होता.

आईसाठी साबणाची एक वडी घेतली. मेणकागदातून लिंबाचा वास येत राहिला, पाठीवरच्या पिशवीतून, दिवसभर.

आणि मग तो उजेड. जूनमधली डब्लिनची संध्याकाळ संपत नाही. रात्रीचे दहा वाजतात तेव्हा कुठे सूर्य टेकतो, आणि त्यानंतरही आकाश काळं पडत नाही. लिफी नदीवर, ओल्या दगडी रस्त्यांवर, घरांच्या लाल-पिवळ्या दारांवर एक हिरवट, खोल, दमट निळाई उतरते आणि तासभर तिथेच रेंगाळते. त्या रंगाला वर्गातल्या मैत्रिणी काय काय नावं देत होत्या. मला त्याचं नाव ठाऊक होतं.

मोरचुदी.

पावसाच्या तोंडावर बाबा संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावतात. एका बादलीत मोरचूद, दुसऱ्या बादलीत चुना, आणि मग दोन्ही धारा तिसऱ्या बादलीत एकदम सोडायच्या. घाई केली, एकावर एक ओतलं, की मिश्रण फाटतं. लहानपणी त्यातली एक धार माझ्या हातात असे. दोन पाणी एकमेकांत शिरायचे तो क्षण मी श्वास रोखून बघायची. आणि बादलीच्या मधोमध ते निळं असं काही फुलून यायचं की आकाश खालून उगवतंय असं वाटे. मग ब्रशनं एकेक खोड कमरेपर्यंत निळं करत जायचं. जूनभर बाबांचे तळवे निळे असायचे. भाकरी मोडतानासुद्धा.

तर त्या मोरचुदी उजेडात मी पबच्या दाराशी उभी होते, आणि माझी एक मैत्रीण परत बाहेर आली. तिनं काही विचारलं नाही. माझा हात तिच्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं ते जड दार धरून ठेवलं.

आत कडी नव्हती. आत आजोबा होते, आज्या होत्या, गुडघ्यावर कुत्रं घेऊन बसलेली एक बाई होती. बारच्या पलीकडचा माणूस काळ्या बिअरचा पेला पाऊण भरायचा आणि तसाच ठेवून द्यायचा, तो शांत होईपर्यंत; त्यातला फेस वर चढण्याऐवजी काचेच्या कडेनं खाली उतरताना दिसायचा, आणि कोणालाही घाई नव्हती. मी संत्र्याचा रस मागितला. बाटलीतला, गार, कुठल्या मुलखातला कोण जाणे. दोन नट बेकेटच्या नाटकातला तुकडा करून दाखवत होते. याच रस्त्यावरच्या डेव्ही बर्न्सच्या पबात ब्लूम चीजचं सँडविच खातो. १६ जून १९५४ रोजी काही लेखक घोडागाड्या घेऊन त्याच्या वाटेनं शहर पालथं घालायला निघाले आणि अर्ध्यावरच पबात बसून राहिले, हेही तिथेच ऐकलं. सगळे हसले. मला हसता आलं नाही. लेखकांच्या पिण्याच्या या गोष्टी सांगताना आवाजाला जी चकाकी येते ती मला तेव्हाही खुपली, आजही खुपते. ब्रेंडन बीहन १९६४ साली गेला तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याच्या घरात कुठली कडी होती, ती कोण लावायचं, कोण रात्रभर जागं राहायचं, याची पाटी कुठल्याच भिंतीवर नाही.

पण शेवटच्या रात्रीचं काही वेगळंच होतं. नदीपलीकडचा तो लहानसा पब. कोपऱ्यात सात-आठ वादक एकमेकांकडे तोंड करून बसले होते, ऐकणाऱ्यांकडे पाठ करून, जसं भजनी मंडळ बसतं. फिडल होतं, बासरी होती, आणि एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कातडं ताणलेला गोल बोधरान, आमच्या खंजिरीचा थोरला भाऊ. धून संपत नव्हती, नुसती वळत होती. मध्येच सगळे थांबले. म्हाताऱ्यानं वाद्य बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि एक कविता म्हटली. गाऊन नाही. शेजाऱ्याला वावरातली हकिगत सांगावी तशी.

पॅट्रिक कॅव्हनाची ‘एपिक’. दोन शेजारी खडकाळ जमिनीच्या एका पट्ट्यासाठी एकमेकांवर धावून जातात. साल म्युनिकच्या कराराचं, जग युद्धाच्या काठावर. कवीला प्रश्न पडतो, यातलं मोठं काय? आणि होमरचं भूत येऊन त्याला सांगतं की आपणही ‘इलियड’ गावातल्या अशाच एका भांडणातून घडवलं.

धुरा!

रसाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. आज्याचं आणि शेजारच्या भाऊबंदाचं धुऱ्यावरून भांडण होतं. किती जमिनीवरून? दोन तासांवरून. बैल दोनदा फिरतील एवढी माती. त्यावरून आर्वीच्या कचेरीच्या चकरा, त्यावरून लग्नांची बंद झालेली निमंत्रणं, त्यावरून धुऱ्यावरच्या निंबाची सावली सकाळी आमची आणि दुपारनंतर त्यांची अशी वाटणी. शिकायला बाहेर पडल्यावर मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटायचं. साहित्य दुसरीकडे असतं, शहरात, समुद्रापलीकडे, म्हणून तर मी समुद्र ओलांडून आले होते. आणि इथे, समुद्रापलीकडे, मिटल्या डोळ्यांचा एक परका म्हातारा आमचा धुरा म्हणून दाखवत होता. आजा गेला तेव्हा पुढचा खांदा त्या भाऊबंदाचा होता. तो रडला नाही. तिरडी वावराजवळून जाताना निंबाखाली पळभर थांबला, आणि त्याच्यासोबत सगळेच थांबले.

तिथली रीत अशी की ज्यानं म्हटलं त्यानंच पुढच्याला बोलवायचं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि बोट माझ्याकडे केलं. मी उभी राहिले नाही. बसूनच आजीची जात्यावरची ओवी म्हटली, ज्या आवाजात ती पहाटे म्हणायची त्याच, न सजवलेल्या. पहिल्या ओळीला गळा थरथरला. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्याची बोटं बोधरानवर अगदी हलकी वाजू लागली, जात्याची घरघर असावी तशी. कोणी पेला खाली ठेवला नाही, कोणी खुर्ची सरकवली नाही. ओवी संपली तरी बोटं वाजत राहिली.

मध्यरात्रीनंतर आम्ही दोघी-तिघी ग्रँड कॅनॉलच्या काठानं चालत निघालो. बॅगट स्ट्रीटच्या पुलाजवळ बाकावर कॅव्हना बसलेला आहे, ब्राँझचा, हाताची घडी घालून, पाय ताणून, पाण्याकडे बघत. मोनॅहनच्या इनिसकीन गावचा, चांभारकी आणि थोडी शेती असलेल्या बापाचा हा मुलगा. पोरवयातच शाळा सुटली. १९३१ साली एका मोठ्या लेखकाला भेटायला तो गावाहून डब्लिनपर्यंत पायी आला होता. पबांतून तोही बुडाला, भांडला, एकटा पडला. १९५५ साली कर्करोगामुळे फुप्फुस काढावं लागलं, आणि तो उन्हाळा त्यानं याच पाण्याकाठी गवतात पडून काढला. मी त्याच्या शेजारी बसले. ब्राँझ गार होतं. बाकाखालून पाणी फळीवरून पडत होतं, आणि उत्तरेकडे आकाशाची एक कड अजूनही निळी होती.

रोहण्यात साडेपाच वाजले असतील. फोन लावला. बाबा उठलेलेच होते. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

“पाणी?” मी विचारलं.

“नाही अजून. ढग येते न् जाते.”

मग मी त्यांना बाकावरच्या माणसाबद्दल सांगितलं. कास्तकाराचा पोरगा होता, कविता लिहायचा, आता त्याचा पुतळा आहे, मी त्याच्या बाजूला बसली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कटला.

“किती वावर होतं त्याले?”

“थोडंसंच, बाबा. दगडाळ.”

“का पिकवे?”

“आलू.”

पाणी पडत राहिलं. पलीकडे घंटा एकदा वाजली, बैलानं मान हलवली असावी.

“आलूले मोरचूद मारा लागते,” बाबा म्हणाले. “त्याचेही हात निळे असन मंग.”