दोन खटके

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक अपराध होता होता टळला. आजीच्या डोळ्यांत औषध घालावयाचे होते. फळीवर दोन सारख्या बाटल्या होत्या आणि आम्ही सांधेदुखीच्या तेलाची उचलली. आजीने वासावरूनच ओळखले. घरभर आमच्या वेंधळेपणाचा उद्धार झाला. आजी मात्र काही बोलली नाही. तिने तेलाच्या बाटलीला एक लाल दोरा बांधला.

पुढे आमच्या वाचनात एक हकीकत आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलातील सुमारे १५,००० माणसे शत्रूचे तोंडही न पाहता मायदेशीच, बहुतेक प्रशिक्षण घेताना, अपघातांत मृत्यू पावली. त्या काळी एक चमत्कारिक अपघात वारंवार घडे. बी-१७ हे बॉम्बफेकी विमान सुखरूप उतरे, धावपट्टीवर धावू लागे आणि एकाएकी पोटावर बसे. पंखांच्या झडपा मिटावयाच्या, तर वैमानिकाने चाकेच मिटलेली असत! 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडे. १९४३च्या सुमारास आल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले, की दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे आहेत. त्याने एका खटक्यावर रबरी चाक बसविले, दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. थकलेल्या हाताला स्पर्शानेच भेद कळू लागला आणि ते अपघात थांबले.

आमच्या बेळगावजवळ सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला. तिकडून विमान उडाले, की आम्हांस आता आजीचा तो लाल दोरा आठवतो. बोल सर्वांनीच लावला होता. दोरा तिने एकटीने बांधला.