पाटी बदलली, घर तेच

बदल्यांना सरावलेल्या आम्हां सरकारी नोकरांना खात्याचे नाव बदलल्याचे नवल वाटत नाही. टेबल तेच, फायली त्याच. शिक्का तेवढा नवा. पण देवाच्या घराची पाटीच बदलली तर? भिलाईच्या कोहक्यात राहावयास आल्यापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे, तो रायपूरच्या उत्तरेस असलेल्या बिश्रामपूर या खेड्यातील इमॅन्युएल चर्चमुळे.

१८५७ च्या उठावानंतर छोटा नागपूर सोडून अमेरिकेस गेलेले जर्मन मिशनरी ऑस्कर लोर १८६८ साली पुन्हा हिंदुस्थानात आले व त्यांनी हे गाव वसविले. एका सत्यनामाचे उपासक असलेले सतनामी आपला उपदेश सहज स्वीकारतील, ही त्यांची आशा; ती थोडीच फळली. मिशन गावाचे मालगुजारही होते. म्हणजे उपदेश करणारा आणि सारा वसूल करणारा एकच! चर्च उभे राहिले ते १८७० च्या दशकात.

ते बांधणाऱ्यांचा पंथ मुळातच लूथरपंथी व रिफॉर्म्ड यांच्या मिलाफाचा. १८८४ साली मिशन उत्तर अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल सिनॉडकडे गेले. तो सिनॉड १९३४ साली रिफॉर्म्ड मंडळींत मिसळला आणि १९५७ साली हे दोघे काँग्रिगेशनल मंडळींशी एक झाले. रेव्हरंड टिळकांनी जेथे कार्य केले, ते अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन याच काँग्रिगेशनल परंपरेतले. बिश्रामपूर आणि नगर यांचे नाते जुळले, ते असे साता समुद्रांपलीकडे! पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिश्रामपूरचे चर्च आज त्यातच मोडते.

पंथभेद वास्तूतही उमटतो. बॅप्टिस्टांना प्रौढ माणूस बुडेल एवढा हौद लागतो. इतरांना अर्भकाच्या माथ्यावर शिंपडण्यापुरते जलपात्र पुरते. अँग्लिकनांची दृष्टी वेदीकडे, रिफॉर्म्डांचा कान व्यासपीठाकडे. नव्या ऐक्याने दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मान्य केले. हौद बुजविण्याचे वा नवा खणण्याचे कारण उरले नाही. मात्र ज्या परंपरेत बिशप नव्हता, तिला बिशप मिळाला.

दरम्यान १९५१ साली मालगुजारी संपली. मध्यप्रांताचा मध्य प्रदेश झाला, आणि २००० साली त्यातून छत्तीसगड वेगळे निघाले. यांतले बहुतेक ठराव गावापासून फार दूर झाले. पण रविवारी चर्चचे दार उघडायचे, बाके झाडायची, पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहायचे, ही कामे कोणत्याही ठरावाने होत नाहीत. ती गावातल्याच माणसांना करावी लागतात. देवघर कोणाचे, याचा निवाडा करताना पाटीआधी या हातांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.