मोकळी टाच

बर्फावरून घसरत जाण्याच्या विद्येत दोन संप्रदाय आहेत. एकात पायाची टाच पायाखालच्या लांब फळीस घट्ट जखडलेली असते. दुसऱ्यात केवळ बुटाचे टोक फळीस बांधलेले असून टाच मोकळी असते. भेद एवढाच. परंतु शैव आणि वैष्णव यांच्या गंधातला भेद तरी बाहेरून पाहणाऱ्यास केवढा दिसतो? आडवे की उभे, इतकाच. ज्यांस त्या गंधाखाली जगावयाचे असते त्यांस मात्र तो जन्मभर पुरतो. पहिल्या संप्रदायास आल्प्स पर्वतावरून ‘आल्पाइन’ म्हणतात, व त्यात आमची तीसांवर वर्षे गेली आहेत. दुसऱ्यास नॉर्वे देशातील तेलेमार्क प्रांताचे नाव आहे. त्याची दीक्षा आम्ही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घेतली.

पुण्यास आमची षष्ट्यब्दीपूर्ती २०२३ साली यथासांग झाली होती. त्यानंतर काही महिन्यांतच हा उद्योग कानी आला तेव्हा आमच्या वडील भगिनींनी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण दूरध्वनीवरून ऐकविली, आणि त्यांच्या बाजूने पाहता ती अगदीच अस्थानी नव्हती. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी आम्हांस मांडी घालून फार वेळ बसण्याचीही मनाई केली होती. पंगतीत ज्यास खुर्ची द्यावी लागते तो गृहस्थ बर्फावर एक गुडघा टेकीत डोंगर उतरू पाहतो, हे ऐकून कोणासही हसू यावे!

मग हा खटाटोप कशासाठी? त्यास कारण आमचे व्याही.

आम्ही स्की चालविण्यास शिकलो गुलमर्गास, आणि पुढे नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात, इन्सब्रुक शहरी, एकोणीस वर्षे राहिलो. तेथे शनिवार-रविवारी डोंगरावर जाणे हे पुण्यातल्या माणसाने पर्वतीवर जाण्यासारखेच आहे. आमचे चिरंजीव मात्र तेथून उत्तरेस नॉर्वेत गेले, नोतोडेन गावी स्थायिक झाले, आणि तेलेमार्कमधल्याच एका घरची कन्या आमची सून झाली. तिचे माहेर क्वितेसाइद भागातले. सूनबाईंनी आमच्या मंडळींकडून मराठी शिकून घेतली, ती इतकी की पुरणपोळी बिघडली तर दोष डाळीचा की कणकेचा, हा वाद त्या आता मराठीतच घालतात. व्याह्यांचे आणि आमचे तसे नाही. त्यांस मराठी येत नाही, इंग्रजी बेताची; आमची नॉर्वेजियन भाषा दुकानापुरती. आम्हां दोघांत सामाईक अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे बर्फ. आणि तेथेही एकाची टाच बांधलेली, दुसऱ्याची मोकळी.

ह्या लोकांची ईस्टरची सुटी डोंगरातल्या लाकडी झोपडीत घालविण्याची चाल आहे. सोबत संत्री, चॉकोलेट आणि रहस्यकथा, हा तिथला ठरलेला फराळ. व्याह्यांची झोपडी गाडीरस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे. आमच्या जड, ताठ बुटांनी आणि जखडलेल्या टाचेने सात किलोमीटर चालणे अशक्य. एके वर्षी चालण्याच्या हलक्या फळ्या घालून आम्ही तेथवर गेलोही. परंतु पोचल्यावर ही सारी मंडळी झोपडीमागच्या उतारावर दिवस घालवीत, आणि त्या हलक्या फळ्यांनी तो उतार उतरणे आम्हांस मानवेना. म्हणून पुढे दर वर्षी ते आत जात, आणि आम्ही यंत्राच्या पाळण्यांच्या डोंगराशी खोली घेऊन राहत असू. आमच्या मंडळींनी एकाच हिवाळ्यात चालण्याच्या फळ्या आत्मसात केल्या आणि त्याही त्यांच्यात गेल्या. “घरची सारी माणसे एकीकडे, आणि तुम्ही एकटे पाळण्यात बसून वरखाली!” असे त्या म्हणत. व्याही दर वर्षी निरोप पाठवीत, की पुढल्या हिवाळ्यात सवड काढा, मी शिकवितो. आमच्या चिरंजीवांस त्यांनीच शिकविले होते. २०२३ च्या शरदात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, सपाटीवर सावकाश चालण्यापलीकडे सर्व बंद झाले, आणि जानेवारीत त्यांनी आपल्या कन्येस सांगितले की व्याह्यांचे काम आता तुझ्याकडे, आणि ते ह्याच वर्षी.

ज्या प्रांतात हे घडले त्याचा ह्या विद्येशी संबंध थोडा सांगितलाच पाहिजे. मॉर्गेदाल नावाच्या खोऱ्यात १८२५ साली सोन्द्रे नोरहाइम हा जन्मास आला. तो दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब कूळ. त्या काळी स्की हे प्रवासाचे साधन. पाय टोकाशी एका वादीत अडकविलेला, त्यामुळे उडी मारली की फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. नोरहाइमने झाडांच्या लवचीक काटक्यांचा पीळ टाचेमागून घेऊन पाय फळीशी बांधला, व फळी मध्ये किंचित निमुळती केली, असे श्रेय त्यास देण्यात येते. ह्या बांधणीने पाय हलेना, तरी टाच उचलता येई. १८६८ साली क्रिस्तियानियास, म्हणजे आजच्या ओस्लोस, शर्यतीसाठी तो सुमारे दोनशे किलोमीटर स्कीवरूनच गेला आणि बेचाळिसाव्या वर्षी तरुणांस मागे टाकून आला. १८८४ साली दारिद्र्यामुळे तो सहकुटुंब अमेरिकेस गेला व डाकोटाच्या सपाट माळावर १८९७ साली वारला. सपाटीवर स्कीचा काय उपयोग? तरी त्याच्या दाराशी फळ्यांची एक जोडी उभी असे, असे सांगतात. १९५२ साली ओस्लोस हिवाळी ऑलिंपिक भरले तेव्हा ज्योत ग्रीसहून आली नाही. नोरहाइमच्या जन्मघराच्या चुलीत ती पेटविली आणि ९४ स्कीपटूंनी ती राजधानीस पोचविली. आल्पाइन शर्यतींतला ‘स्लालोम’ हा शब्ददेखील ह्याच प्रांताचा. उतारावरची वाट असा त्याचा अर्थ. आमच्या संप्रदायाने टाच बांधली, परंतु शब्द मात्र मोकळ्या टाचेवाल्यांचा घेतला, ही मौज आम्हांस इतक्या वर्षांनी कळली.

आल्प्सकडे ही विद्या गेली ती नान्सेनच्या ग्रीनलंड-प्रवासाच्या पुस्तकामुळे. ते वाचून ऑस्ट्रियात लिलियेनफेल्ड येथे राहणाऱ्या मातियास झ्दार्स्की ह्याने नॉर्वेहून फळ्या मागविल्या. त्याच्या उभ्या डोंगरावर त्या चालेनात, म्हणून त्याने त्या आखूड केल्या, पोलादी बांधणी शोधली, आणि १८९६ साली स्वतःच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. तेथून पुढे टाच हळूहळू खाली आली व अखेर जखडली गेली. डोंगर उभा असेल तर त्यात शहाणपण आहे, हे आम्ही अजूनही म्हणतो.

आता मुख्य विषय. आल्पाइन पद्धतीत दोन्ही पाय शेजारी-शेजारी, पंढरीच्या विठोबाप्रमाणे सम. वळताना बाहेरच्या फळीवर सारा भार. तेलेमार्क पद्धतीत बाहेरचा पाय पुढे, आतला मागे, मागच्या पायाची टाच उचललेली आणि गुडघा बर्फाकडे झुकलेला. वाचकांनी सूर्यनमस्कारातले अश्वसंचालन डोळ्यांपुढे आणावे, मात्र कंबर इतकी खाली नको. स्कीवरून लांब उडी मारणारे खेळाडू चित्रवाणीवर ज्यांनी पाहिले असतील त्यांनी जमिनीस टेकतानाची हीच ठेवण पाहिली असेल. ती साधली नाही तर तेथे परीक्षक गुण कापतात. प्रत्येक वळणास पाय बदलावयाचा: पुढचा मागे, मागचा पुढे. आणि ह्या बदलाच्या मध्यावर एक क्षण असा येतो की दोन्ही पाय जुळलेले, टाचा मोकळ्या, डोंगर खाली, आणि पुढे-मागे आधार म्हणून काहीही नाही.

आल्पाइनवाल्याची सारी पूर्वपुण्याई ह्याच क्षणी आड येते. तीस वर्षे आम्ही नडगी बुटाच्या जिभेवर रेलून पुढे झुकत आलो, कारण मागे टाच धरून ठेवणारे यंत्र होते. तेच झुकणे येथे केले की माणूस सरळ फळीच्या टोकावर जातो. ह्याहून सूक्ष्म गोष्ट मागच्या पायाची. पुढच्या पायावर सगळा भार देऊन मागचा नुसता ओढीत नेला, तरी लांबून पाहणाऱ्यास ते तेलेमार्कच वाटते. वस्तुतः ते आल्पाइनच, केवळ एक पाय मागे सोडलेले. भार दोहोंवर जवळजवळ सारखा हवा, मागच्या पायाचा चवडा फळीवर दाबलेला हवा, आणि त्यातही करंगळीकडची कड. करंगळीने डोंगर उतरता येतो, हे आम्हांस कोणी पूर्वी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पेटीवर आयुष्य गेलेल्या माणसाने सारंगी हाती घ्यावी, तसे हे आहे. पेटीचे सूर जागच्या जागी बसविलेले असतात. सारंगीवर सूर सर्व आहेत, परंतु कोठेच बसविलेले नाहीत. आणि पेटीवाल्याचा कान तयार असल्यामुळे त्यास आपला बेसूर नवशिक्यापेक्षा फार लवकर ऐकू येतो.

रुकान गावावरच्या गाउस्ताब्लिक उतारावर आमचा वर्ग भरे. खाली रुकानचे खोरे इतके अरुंद की हिवाळ्याचे काही महिने तेथे ऊन पोचत नाही; २०१३ साली डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात सूर्य पाडण्याची व्यवस्था केली, ती आम्ही येता-जाता पाहत असू. वर उतारावर मात्र ऊन लख्ख, समोर १८८३ मीटरांचे गाउस्ताटोपेन शिखर, आणि पुढे सूनबाई.

त्यांची शिकविण्याची रीत व्याह्यांचीच होती. पहिला दिवस हातात काठ्या नाहीत. सपाटीवर उभे राहून नुसते पाय बदलणे. दुसऱ्या दिवशी एकच पाय कायम पुढे ठेवून डावी-उजवी दोन्ही वळणे. तिसऱ्या दिवसापासून, तिरपे उतरत असता, मध्येच मागून आज्ञा येई: “पुढचा पाय उचल!” भार खरोखर मागच्या पायावर असेल तरच पुढचा उचलतो, लबाडी तेथल्या तेथे उघडी पडते. ही एकेरी हाक वाचकांच्या ध्यानी आली असेल. घरी सूनबाई ‘बाबा, तुम्ही’ ह्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. परंतु बर्फावर त्या नॉर्वेजियनमध्ये बोलत, आणि त्या भाषेत आता राजापासून रंकापर्यंत एकच ‘दू’ उरले आहे. आदराचे रूप कोशात आहे, तोंडी नाही. चिरंजीव ओशाळून म्हणाले, “बाबा, तिला मराठीत शिकवायला सांगू का?” आम्ही नको म्हटले. आज्ञा पुऱ्या होण्यापूर्वी वळण येऊन ठेपते, तेथे ‘कृपा करून उचलावा’ इतका अवकाश कोठला?

गुडघ्याविषयी सूनबाई आमच्याहून सावध होत्या. जुन्या तेलेमार्क बांधणीत पडताना बूट सुटत नाही, म्हणजे पीळ सगळा गुडघ्यावर. १९२७ साली निघालेल्या एका प्रसिद्ध बांधणीचे नावच मुळी ‘उंदरांचा सापळा’ असे आहे! २००७ पासून नवी पद्धत आली, तिच्यातले काही प्रकार पडताना पाय सोडतात. त्यांनी हट्टाने तसलाच आमच्यासाठी निवडला, व दिवसाला दोन तासांवर एक मिनिटही होऊ दिले नाही. मांड्या इतक्या दुखत की जिना उलटे तोंड करून उतरावा लागे. गुडघा मात्र काही बोलला नाही.

येथे कोणी चतुर वाचक विचारील की चढताना टाच सोडणारी आणि उतरताना जखडणारी बांधणी मिळत नाही काय? मिळते. नॉर्वेतही आज बहुसंख्य डोंगरप्रेमी तिचाच उपयोग करितात, आणि निव्वळ सोयीच्या काट्यावर तोलले तर तेलेमार्कचे पारडे हलकेच भरेल. ऑलिंपिकमध्ये अद्याप त्यास जागा मिळालेली नाही. आम्हीही ती दुसरी बांधणी घेऊन झोपडीपर्यंत खुशाल गेलो असतो. चिरंजीवांनी तसे सुचविलेही होते. परंतु व्याह्यांनी शिकवू म्हटले होते ते हे, ते नव्हे. आणि त्यांच्या प्रकृतीकडे पाहता ‘पुढल्या वर्षी’ हा शब्द त्या घरात कोणी उच्चारीत नव्हते.

२०२४ चा ईस्टर ३१ मार्चास होता. आदल्या गुरुवारी आम्ही सारे फळ्यांखाली कातडी चिकटवून निघालो. पूर्वी ही सीलची असे, आता कापडी असते, केस मागे वळलेले, म्हणून फळी पुढे सरते, मागे घसरत नाही. सात किलोमीटरांस आम्हांस तीन तास लागले. व्याह्यांस परवाना काढून मोटार-घसरगाडीने आधीच वर नेले होते. शनिवारी सकाळी झोपडीमागचा उतार रात्रीच्या हिमाने चार बोटे मऊ झाला होता. व्याही भिंतीशी बाकावर रेनडियरचे कातडे अंथरून बसले. वरून खाली चौदा वळणे झाली. सूनबाई मागून येत होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी एकही आज्ञा दिली नाही.

खाली आलो तेव्हा व्याह्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. ते उठले, काठी टेकीत हळूहळू आमच्या शेवटच्या वळणाच्या खुणांपाशी गेले, पुढच्या फळीच्या चाकोरीत काठीचे टोक रोवले, खोली अंगठ्याने धरली, आणि तेच माप मागच्या फळीच्या चाकोरीत लावून पाहिले. दोन-तीन ठिकाणी त्यांनी असे केले. मग परत बाकावर येऊन पेल्यात कॉफी ओतली, पेला आमच्या हाती दिला, आणि ती पिऊन होईतो थांबून काठीने वरचा उतार दाखविला.