भिवंडी : जेवावे कुठे, राहावे कुठे, विसावावे कुठे?

सहलीला भिवंडीला जाऊ या, असे म्हटले की घरात हसू पिकते. सहलीला लोक माथेरानला जातात, घारापुरीला जातात. भिवंडीला माणूस जातो तो कामाला, माल आणायला, नाहीतर नातेवाइकाच्या लग्नाला. मागांचा खडखडाट, गोदामांसमोर उभ्या ट्रकांची रांग आणि पावसाळ्यातले खड्डे, एवढीच या गावाची ओळख बाहेर पोचलेली आहे.

आम्ही चळवळीच्या कामानिमित्त या गावात वर्षानुवर्षे जातो. बरोबर बायकामुले, खिशात मोजके पैसे आणि उशीर झाला तर पाठ टेकायला जागा हवी, अशा माणसाला भिवंडीत काय मिळते, ते येथे सांगत आहोत. आमच्यासारख्या पगारदाराला आणि रोजंदारीवरच्या माणसाला उपयोगी पडेल तेवढेच लिहिले आहे.

आधी एक शंका दूर करू. १९७० आणि १९८४ च्या दंगलींचा डाग या गावावर आहे. पण त्यानंतरची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. १९८८ मध्ये येथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीतली हिंदू-मुसलमान माणसे पोलिसांबरोबर एका सतरंजीवर बसून आपापल्या तक्रारी बोलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. बायकामुलांना घेऊन जायला या गावात भीती वाटण्याचे कारण नाही.

कसे जावे?

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की भिवंडीच्या बस आणि शेअर रिक्षा मिळतात. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, राजनोली नाका असे करीत त्या गावात शिरतात. ठाण्याहून येणारी गाडी बाळकुम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा या जुन्या रस्त्याने येते. तिसरा मार्ग रेल्वेचा. वसई-दिवा मार्गावर ‘भिवंडी रोड’ नावाचे स्टेशन आहे. मात्र या मार्गावर गाड्या कमी, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावे.

ठाण्याच्या रस्त्याने आलात तर दोन्ही बाजूंची गोदामे मुलांना दाखवा. मुंबईत माल शिरताना जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत माल साठवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. आपण शहरात मागवतो त्या कितीतरी वस्तू आधी येथे उतरतात. त्या उतरवणारे हात कोणाचे आहेत, हेही मुलांना दाखवावे.

माग पाहिल्याशिवाय परत येऊ नका

भिवंडी जुनी आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली, हे मुलांनी शाळेत वाचलेले असते. कोकणी मुसलमान, आगरी हे येथले जुने रहिवासी. पुढे उत्तर प्रदेशातले विणकर मोमीन आले, तेलंगणातले पद्मशाली आले. हातमागाच्या जागी यंत्रमाग बसले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि कापड विणण्याचे पुष्कळसे काम या पत्र्याच्या शेडमध्ये आले. अलीकडे धंद्याला ओहोटी लागली आहे. अनेक मालकांनी माग भंगारात विकले. तरीही गावात कोठेही उभे राहिलात तरी मागांचा आवाज कानावर येतोच.

ओळखीच्या माणसाकरवी मालकाची परवानगी काढून एखादा कारखाना पाहावा. आत जाताना साडीचा पदर आणि ओढणी घट्ट खोचावी, लहान मुलांचा हात सोडू नये, कारण चालत्या पट्ट्यात कपडा अडकला तर अनर्थ होतो. आवाज इतका असतो की बोलणे खुणेनेच करावे लागते.

आपल्या माणसांनी माग पाहण्याला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही कसा हाती घ्यावा, असे म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना विणकाम खात्यात शिरू दिले नाही. विणकराचा पगार जास्त, म्हणून नुकसान केवळ मानाचे नव्हते, पोटाचेही होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला. धोटा हातात घेऊन ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

जेवावे कुठे?

भिवंडीत एकच एक चव नाही. ज्या मोहल्ल्यात जे लोक वसले तेथे त्यांची चूल पेटली.

निजामपुरा, तीन बत्ती या भागात बिर्याणी, खिचडा, नहारी, कबाब मिळतात. नहारी हा पहाटेचा पदार्थ. रात्रभर मंद आचेवर शिजलेली ही नहारी रात्रपाळीचा कामगार सुटल्यावर गरम रोटीबरोबर खातो आणि मग झोपायला जातो. रमजानच्या महिन्यात या गल्ल्या रात्रभर जागतात. मालपुवा, फिरनी, कबाब यांचा वास लांबूनच येतो. तेव्हा गर्दी फार असते, लहान मुलांना सांभाळावे.

पद्मानगर आणि कामतघरकडे वळलात की दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसू लागतात. सकाळी गाडीवर इडली, डोसा, मिरचीभजी मिळते. तेलंगणातल्या घरांत तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे घालून थापलेली सर्वपिंडी करतात आणि संक्रांतीला चकलीसारखी सकिनालू तळतात. ओळखीचे घर असेल तर आग्रह करून घेण्यासारखे हे पदार्थ आहेत.

गावाबाहेर, खाडीच्या आणि हमरस्त्याच्या बाजूला आगरी जेवणाच्या खानावळी आहेत. तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, कोलंबीचे कालवण. आपल्या घरच्या ताटाच्या सगळ्यात जवळचे जेवण हेच. मोठ्या ढाब्यांवर बसण्याआधी दरपत्रक मागून घ्यावे. चार माणसांचा हिशेब आधी झाला की घास गोड लागतो.

पण भिवंडीचे खरे जेवण पाहायचे असेल तर भिस्सी पाहावी. भिस्सी म्हणजे मागकामगारांची खानावळ. एखाद्या खोलीत, पुष्कळदा राहत्या घरातच, बाई पहाटे उठून पंधरा-वीस, कधी त्याहून अधिक माणसांची डाळ, भात, भाजी, रोटी करते. गावाकडून एकटा आलेला कामगार दोन वेळ तेथे जेवतो आणि पगार झाला की पैसे देतो. त्याची पाळी बुडाली, माग बंद पडला, तर उधारी बाईच्या वहीत चढते. वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका अशाच कर्जात रुतल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. आपल्या महिला मंडळांनी या उदाहरणाचा विचार करावा.

भिस्सीत बाहेरच्या माणसालाही विचारले तर ताट मिळते. ते साधे असते आणि गरम असते. तेथे बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा माणूस मांडीला मांडी लावून जेवतो. पोळी कोणी लाटली हे विचारायला त्याला सवड नसते.

राहावे कुठे?

येथे भिवंडी थोडी कमी पडते. एस.टी. स्टँड आणि कल्याण नाक्याच्या आसपास साधे लॉज आहेत, हमरस्त्यावर जरा बरी हॉटेले आहेत. लॉज बहुतेक व्यापाऱ्यांसाठी आणि मालाच्या कामाने येणाऱ्यांसाठी चालतात. कुटुंब बरोबर असेल तर खोली आधी डोळ्यांनी पाहावी. पाणी किती वाजता येते, दाराला आतून कडी आहे का, खोली सोडण्याची वेळ दुपारी बाराची की चोवीस तासांची, हे तीन प्रश्न विचारूनच पैसे द्यावेत. रिक्षावाल्याने सुचवलेल्या लॉजवर पहिल्या झटक्यात जाऊ नये. प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर असावे. जागा मनास आली नाही तर कल्याण किंवा ठाणे जवळ आहे.

नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याच्या पाळीची वेळ विचारून जा. मागावरचा माणूस बारा तास उभा असतो. दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर रात्रपाळीचा आडवा होतो, अशा खोल्या येथे पुष्कळ आहेत. पाहुण्यामुळे त्याची झोप गेली तर दुसऱ्या दिवशी मागावर त्याचा हात घसरेल. अंथरूण-पांघरूण आपले न्यावे, चहा-साखरेची पुडी न्यावी. यजमानाच्या घरातल्या बाईला दोन दिवसांची स्वयंपाकीण करून ठेवू नये.

‘राहावे कुठे’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातली विद्या घेऊन बडोद्याला नोकरीला गेले, तेव्हा त्यांना एका पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले आणि त्यांना सार्वजनिक बागेत बसून गाडीची वाट पाहावी लागली. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट सर्वांना खुले असल्याचे लिहिले गेले. जेवण, मुक्काम आणि विसावा या तिन्ही गोष्टी त्या एका कलमात आहेत. म्हणून लॉजच्या वहीत आपले पूर्ण नाव, आडनावासकट, स्वच्छ अक्षरात लिहावे. नावावरून कोणी खोली नाकारली तर गप्प परत फिरू नये. कारण लेखी मागावे आणि तक्रार नोंदवावी.

विसावावे कुठे?

गावातल्या गावात विसावा म्हणजे कामतघरचे वऱ्हाळा तळे. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी या तळ्याचा उपयोग होत आला आहे. संध्याकाळी काठावर वारा असतो. म्हातारी माणसे बसतात, मुले धावतात, मागांचा आवाज जरा मागे पडतो. चणे-शेंगदाणे घेऊन तासभर बसायला पैसे लागत नाहीत. कागद आणि पिशव्या पाण्यात टाकू नयेत. चवदार तळ्याच्या लेकरांनी तळे घाण करणे शोभत नाही.

अर्धा दिवस हाताशी असेल तर लोणाडला जावे. तालुक्यातल्या या गावाच्या टेकडीत बौद्ध लेणे आहे. अभ्यासक ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. व्हरांड्याच्या भिंतीवर राजा व त्याचा परिवार कोरलेला आहे. आज लेण्यात खंडेश्वरी देवीचे स्थान आहे. तेथे श्रद्धेने येणाऱ्यांशी वाद न घालता शिल्पे शांतपणे पाहावीत. शिल्पांना हात, खडू, रंग काही लावू नये. गावात शिलाहार काळातले जुने देऊळही आहे. जेवणाची सोय धरून चालू नये, पाणी आणि डबा बरोबर न्यावा.

पूर्ण दिवस असेल तर वाडा रस्त्याने अंबाडीमार्गे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी गाठता येते. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजीअप्पांच्या वसईविजयाशी जोडलेले आहे. आमच्या लेखी खरी गंमत तानसा नदीच्या काठच्या गरम पाण्याच्या कुंडांची. पावसाचे पाणी जमिनीत खोल झिरपते, तेथल्या उष्णतेने तापते आणि भेगांतून वर येते, एवढाच त्यातला चमत्कार. दिवसभर उभे राहून आखडलेले पाय त्या पाण्यात सोडले की बरे वाटते. पाणी किती कढत आहे ते आधी हाताने पाहावे. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कुंडात उतरू नये. पावसाळ्यात नदीपासून दूर राहावे. येथे मुक्कामाला लॉज आणि धर्मशाळा आहेत, भिवंडीपेक्षा निवांत.

रेल्वेने परतणाऱ्यांना आणखी एक सुचवतो. भिवंडी रोडहून वसईला उतरून लोकलने पुढचेच स्टेशन नालासोपारा. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. त्याच गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. स्तूपाच्या आवारात घटकाभर बसून मग घर गाठावे.

विश्रांती ही चैन नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. भिवंडीच्या छोट्या शेडमध्ये मात्र बारा तासांची पाळी आजही चालते, कारण कामगारांची संख्या कागदावर लहान दाखवली की कायदा दाराबाहेर राहतो. तळ्याकाठी बसताना याचाही विचार व्हावा.

सहल ठरवताना एवढे लक्षात ठेवा. माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून चालते माग पाहायचे तर रविवारी जावे. सकाळी लवकर कल्याणला उतरावे, आधी कारखाना, मग जेवण, उन्हे कलल्यावर वऱ्हाळा तळे आणि दिवेलागणीला परत. लोणाडसाठी आठ-दहा जणांनी मिळून गाडी ठरवली तर स्वस्त पडते. आणि भिस्सीत जेवणार असाल तर माणसे किती ते आदल्या दिवशी कळवा, कारण त्या बाईला डाळ-तांदूळ रोजच्या हिशेबानेच आणावे लागतात. जेवून उठताना पैसे रोख द्या, वहीत उधारी चढवू नका.