ओट्यावरचा वाटसरू

माझ्या टेबलासमोर फोर्ट सेंट जॉर्जच्या एका मुद्राचित्राची प्रत लावलेली आहे. मूळ चित्र 1736 सालचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. पुढे शिडांची जहाजं, मागे तटबंदी, तिच्यावरून डोकावणाऱ्या इमारती. चेन्नईत राहायला आले त्या वर्षी हौसेने घेतली.

ज्या तैलचित्रावरून ते कोरलं, ते जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युअल स्कॉट यांचं. ईस्ट इंडिया कंपनीने 1732च्या सुमारास लंडनच्या कचेरीसाठी त्यांच्याकडून आपल्या ठाण्यांची सहा चित्रं करून घेतली. त्यांत मद्रास आहे, तशी आपली मुंबईही. स्कॉटने जहाजं रंगवली, लॅम्बर्टने किनारा आणि इमारती. दोघांपैकी कुणीही हिंदुस्थानात आलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या माहितीवरून चित्र, चित्रावरून कोरीव काम. तेही उलटं, कारण छापताना डाव्याचं उजवं होतं.

हे वाचलं तेव्हा हसू यायला हवं होतं. आलं नाही. मीही तेच केलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात बसून मी एक तमिळ कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणली. तिच्यात एक वाटसरू अनोळखी घराच्या व्हरांड्यात रात्री झोपतो. मला तो आगाऊ वाटला, आणि माझ्या वाक्यांतही तसाच उतरला. पुढे मैलापुरात शेजारच्या आजी एका जुन्या घराच्या दाराबाहेरच्या उंचवट्यावर टेकल्या आणि मलाही बसवून म्हणाल्या, "तिण्णै." रस्त्याकडे तोंड केलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता यावं म्हणून बांधलेली जागा.

म्हणजे ओटा! माझ्या आजोळच्या दारातला शब्द. इंग्रजीत त्याचा व्हरांडा झाला आणि मी तो तसाच उचलला. वाटसरू कुठे घुसला नव्हता; घरानेच त्याची सोय करून ठेवली होती. त्या घराचं औदार्य माझ्या हातून गेलं.

1792 साली थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मद्रासला आले. प्रत्यक्ष पाहून त्यांनी रेखाटलं आणि मग मुद्राचित्रं केली. त्यांची प्रतही माझ्याकडे आहे, पण भिंतीवर अजून पहिलंच चित्र आहे. ते मला लागतं.

अनुवादाची नवी आवृत्ती निघते आहे. एकच शब्द बदलायचाय, असं मी प्रकाशकांना सांगितलं होतं. हल्ली रोज सकाळी आजींकडे मूळ तमिळ पुस्तक घेऊन बसते. बदलांची यादी काल बेचाळीसवर गेली.