शब्द द्यायच्या आधी

तीर्थरूप काकांस,


तुमच्या फाउंड्रीतला, फेटलिंगला म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला असलेला कामगार वारला. त्याच्या पोराला दर रविवारी बघावं असं तुमच्या मनात आहे, आणि पैसे किती द्यावेत हेही विचारलंत. पैशांचं आधी उरकते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये आहेत आणि मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४०००. पोराच्या आईला कुठली योजना लागू पडते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळेल. म्हणजे त्या घराला तुमच्या पाकिटापेक्षा कागदपत्रं गोळा करून देणारा माणूस जास्त उपयोगाचा.

राहिला रविवार. तो पाकिटापेक्षा महाग पडतो, का ते सांगते.

हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं काढला. गरिबी, आजार, घरातली भांडणं अशा चार-चार अडचणी एकदम वाट्याला आलेल्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं पुढे नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक करून एक तरी टिकून राहिलेला मोठा माणूस होता. कुणाची आजी, कुणाचे मास्तर, कुणाचा शेजारी.

अमेरिकेत हेच मुद्दाम जुळवून देतात. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले कारकून अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ मध्ये मंडळी गोळा केली आणि एकेका पोराला एकेक मोठा माणूस जोडून दिला. त्यातूनच पुढे 'बिग ब्रदर्स' ही संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात तिच्या ९५९ मुलांची पाहणी झाली. निम्म्यांना सोबती लगेच दिला, निम्म्यांना दीड वर्ष थांबवलं. सोबती मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं. ही मोठी माणसं महिन्यातून तीनेक वेळा भेटत, तीन-चार तास. शिकवणी नव्हे. खेळायचं, खायचं, गप्पा मारायच्या.

पण याच आकड्यांची पुढे जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा चाळणी केली (२००२), ती तुम्ही वाचायलाच हवी. वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास मात्र आधीपेक्षाही खाली गेला. एक माणूस आधीच गमावलेल्या पोराला दुसराही सोडून गेला, तर आणखी काय होणार?

टिकलेल्या सोबतीचं उदाहरण आपल्या कोल्हापुरात राजवाड्यातच आहे. कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावाची आई तो तीन वर्षांचाही नसताना गेली. १८८४ मध्ये तो दत्तक जाऊन शाहू झाला आणि १८८६ मध्ये वडीलही गेले. १८८९ पासून स्टुअर्ट फ्रेजर हा इंग्रज अधिकारी त्याचा शिक्षक होता. धारवाडात ही सोबत काही वर्षं चालली, आणि १८९४ मध्ये गादीवर बसल्यावरही महाराजांचा त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू राहिला. राजपुत्राला शिक्षक मिळणारच, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. पण पोरकेपण गादी बघून येत नाही, आणि मिळालेला शिक्षक एवढा टिकतोच असंही नाही.

तुमच्याकडे एक विद्या आहे, ती मी लहानपणी पाहिली आहे. मोल्डिंगची वाळू मुठीत आवळायची, गोळा मधोमध मोडायचा आणि कड बघून पाणी कमी की जास्त ते सांगायचं. पोराला हे दाखवायचा मोह होईल. परड्यात बादलीभर वाळू आणून खुशाल दाखवा, पण शॉपमध्ये नेऊ नका. फाउंड्री कायद्याने धोक्याच्या उद्योगांत मोडते, अठराच्या आतल्या मुलाला तिथं कामाला लावता येत नाही. "बघता बघता शिकेल" म्हणत आपल्याकडे कितीतरी पोरं अशीच मशीनला लागली आणि त्यांची शाळा सुटली. ते कौतुक आता पुरे.

भेटायचं ते चारचौघांत, त्याच्या आईला सांगून. बंद खोलीत नाही, एकट्याला गाडीवर घेऊन लांब नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. हा नियम सगळ्यांनी पाळला तरच त्याला अर्थ, आणि वाईट हेतूचा माणूस त्यातूनच लवकर उघडा पडतो.

आता तुमचं वेळापत्रक बघा. दिवाळीनंतर दोन महिने पुण्याला लेकीकडे, उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन. एवढं सांभाळून महिन्यातले दोन रविवार वर्षभर निघत असतील तर दोनच ठरवा, आणि पुण्याहून फोन कधी करणार तेही त्याला आधीच सांगा. निघत नसतील, तर कागदपत्रांचं तेवढं काम करा आणि त्या पोराला रविवारचा शब्द देऊ नका.

काकूंना नमस्कार. त्यांचं गणित तुमच्यापेक्षा पक्कं आहे, त्यांनाही यात ओढा.

आपली पुतणी