आणि गरम काय?

चीज-पाइनॅपल हा आजकाल जोक झालाय. घरी पार्टी आहे म्हटलं की कुणी हमस सुचवतं, कुणी नाचोज. मी टूथपिकला चीज टोचणार आहे म्हटल्यावर ऑफिसातली नवी पोरं अशी बघतात, जणू मी कॅसेट प्लेयर घेऊन येणार आहे. आमच्या लहानपणी मात्र ही काडी म्हणजे प्रेस्टिज इश्यू होता. वाढदिवसाच्या प्लेटमध्ये वेफर्सशेजारी चीजचा चौकोन, अननसाची फोड आणि वर लालभडक चेरी दिसली की समजायचं, या घरात निळ्या डब्यातलं अमूल चीज येतं! इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात या काड्या फॉइल गुंडाळलेल्या फळात खोचून त्याचा काटेरी ‘हेजहॉग’ करायची फॅशन होती. आमच्या सोसायटीत तो मान कोबीच्या गड्ड्याला मिळायचा. दुसऱ्या दिवशी त्याच कोबीची भाजी.

तरीही मी ठामपणे या काडीच्या बाजूने आहे. चव मस्त असतेच, पण माझं कारण वेगळं आहे. हिला गॅस लागत नाही. म्हणजे ज्याच्या घरी पार्टी असते, तो माणूसही पार्टीत असतो. आमच्या घरात हे घडायला तीस वर्षं लागली.

त्याकडे येतेच, आधी काडीचं बघू. चीज साधं प्रोसेस्डच घ्या. फूडी मित्र नाकं मुरडतील, मुरडू देत. हे चीज वितळवून, त्यात क्षार घालून पुन्हा घट्ट केलेलं असतं, त्यामुळे कापताना भुगा होत नाही आणि टेबलावर तासभर राहिलं तरी अवसान गाळत नाही. २०० ग्रॅमच्या खोक्यात २५ ग्रॅमचे ८ क्यूब असतात. एकाचे चार केले की ३२ तुकडे. पंधरा माणसं, प्रत्येकी सहा काड्या, म्हणजे तीन खोकी आणि वर थोडं तुमच्या तोंडात. चीज फ्रीजमधून काढल्या काढल्या कापा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. चीज खाली, फळ वर. खालचा तुकडा सपाट असला की काडी प्लेटमध्ये शहाण्यासारखी उभी राहते.

आता अननस. खरी गंमत इथे आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं आणि ते प्रथिनं तोडतं. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यात याचा हात असतो. आणि चीजमध्ये प्रथिनं भरपूर! दोघांना दुपारीच टोचून ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत चीज कडेने बुळबुळीत आणि कडवट व्हायला लागतं. डब्यातला अननस मात्र गरम करून बंद केलेला असतो आणि उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. म्हणजे आपल्या आया डबा फोडायच्या ते कदाचित स्टाइलपायी असेल, पण सायन्स त्यांच्या बाजूने होतं. ताजाच वापरायचा असेल तर फोडी फडक्यावर कोरड्या करून ठेवा आणि पाहुणे लिफ्टमध्ये असताना टोचा.

चेरीबद्दल एक गौप्यस्फोट. बेकरीतली ती लाल चेरी बरेचदा चेरी नसतेच. आपल्या करवंदाच्या कुळातलं करोंदा पाकात मुरवून, रंगवून तिथे बसवलेलं असतं. मला तर हे कळल्यावर बरंच वाटलं, फॉरेनची पाहुणी घरातली निघाली. तरी मी ती घालत नाही. जानेवारी ते मार्च नाशिकची नाहीतर सांगलीची द्राक्षं असताना कशाला? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीही त्याच दिवसांत येतात. हापूस मात्र टोचू नका. तो काडीवर टिकतही नाही आणि त्याला ते शोभतही नाही.

माझी फेव्हरिट जोडी पेरू आणि चीज. पिकायला आलेला पण कडक पेरू, बिया काढून, वर चिमूटभर तिखट-मीठ. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि पांढरं चीज एकत्र खातात आणि त्या जोडीला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. आपल्याकडच्या आवृत्तीत तिखट-मीठ आहे, म्हणजे घरच्यांचा विरोधही आला.

तर, तीस वर्षांची गोष्ट. आमच्याकडे पाहुणा म्हणजे गरम. गरम बटाटेवडे, गरम पुऱ्या, गरम चहा. बाबांचे मित्र बाहेरून हाक मारायचे, ‘‘वहिनी, बसा ना तुम्हीपण!’’ आत कढईसमोरून उत्तर यायचं, ‘‘आलेच!’’ ती यायची तेव्हा लोक चपला घालत असायचे. माझ्या वाढदिवसाच्या फोटोंत आई केक कापताना आहे, नंतरच्या कुठल्याच फोटोत नाही. चीज-पाइनॅपल आम्ही मुलं टोचायचो. सगळ्या मेनूत तिच्या हातचा नसलेला तेवढा एकच पदार्थ. कुणीही तिला कधी आत ये म्हणून अडवलं नाही की बाहेर जा म्हणून सोडवलं नाही. पद्धतच तशी होती.

गेल्या जानेवारीत मी टीममधल्या तेरा जणांना घरी बोलावलं, तेव्हा आई माझ्याकडेच होती. मेनू ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आणि गरम काय?’’

‘‘काही नाही.’’

‘‘लोकांना काडीला टोचून गार काहीतरी देणार? उपाशी जातील बाई. मी पटकन वड्यांचं सारण करून ठेवते.’’

खरं सांगायचं तर मला तिचे वडे जाम आवडतात. पण त्या दिवशी मी गॅसचा लायटर सोफ्याच्या उशीमागे ठेवला. सहा वाजता ओट्यापाशी शोधाशोध सुरू झाली. मी तिला डायनिंग टेबलाशी खुर्ची दिली, समोर चीज, पेरू, द्राक्षं आणि टूथपिकचा डबा ठेवला. म्हटलं, हे टोचायचंय. शंभर तरी हवेत. ‘‘पोरखेळ नुसता,’’ असं म्हणत ती बसली.

पहिले पाहुणे आले तेव्हा चाळीसेक काड्या झाल्या होत्या. एरवी ती उठली असती, पण हातात काम होतं. मग पोरंच खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसली. एक जण टोचायला लागला, एकीने द्राक्षांचे देठ काढायला घेतले. चीजच्या वर द्राक्ष की द्राक्षाच्या वर चीज यावर आईने माझ्या मॅनेजरला झापलं आणि तो चक्क ‘‘सॉरी काकू’’ म्हणाला. माझे शाळेतले सगळे किस्से तिने विकले. ती एवढी बोलते हे मला माहीत होतं. एवढ्या लोकांत बोलते, हे माहीत नव्हतं. त्या दिवशीचे फोटो मी मोजले. एकवीस फोटोंत आई आहे, त्यातल्या चारात तोंडात चीज असलेली.

दहाच्या सुमारास लोकांना खरी भूक लागली. आईचा चेहरा लगेच ‘मी म्हटलं नव्हतं!’ असा झाला आणि ती अर्धी उठलीच. ‘‘दहा मिनिटांत खिचडी टाकते.’’

‘‘काकू, तुम्ही बसा,’’ आमच्या टीममधला एक जण बाह्या सरसावत ओट्याकडे गेला. ‘‘मी टाकतो. पाणी किती घालू, तेवढं सांगा.’’

तिने माझ्याकडे बघितलं. मग परत टेकून बसली आणि तिथूनच ओरडली, ‘‘तांदूळ जुना आहे, चौपट घाल! आणि अरे, आधी डाळ धू. नीट धू!’’

‘‘धुतली काकू! लायटर कुठाय?’’

‘‘तिला विचार,’’ पेरूची काडी उचलत आई म्हणाली.